एकशे वीस अंश

राखेला पाय नसतात.
पाणी तिला पाठुंगळी घेतं
आणि एकलहऱ्याच्या पंपहाउसापासून
बंधाऱ्यापर्यंत नेतं,
वाटेत कुठेही न टेकवता.
टेकवलं की संपलं.

हे मला सुकदेव धात्रकांनी सांगितलं
नोकरीच्या दुसऱ्या दिवशी,
हातभर बाभळीचं लाकूड हातात देऊन.
हा तुझा स्टेथोस्कोप, म्हणाले.
एक टोक पाइपाला, दुसरं कानामागच्या हाडाला.

मला नुसती खरखर यायची.
पावसाळा सरता सरता कळलं
की खरखरीतही थर असतात :
वरून जाते ती पिठासारखी राख, ती बोलत नाही.
मधे बारीक कण, तांदूळ पाखडल्यासारखे.
आणि तळाला बॉयलरमधलं क्लिंकर,
घरंगळत, ठेचकाळत, सगळ्यांच्या मागून,
वऱ्हाडात चपला हातात घेऊन चालणाऱ्या
म्हाताऱ्यासारखं.

"वेग पडला तर हे आधी बसतं.
त्याच्यावर वाळू बसते. मग पीठ.
मग आपण बसतो, रात्रभर, फ्लँज खोलत."
आणि वाढला तर?
"तर पाइप खाऊन टाकतं."
या दोहोंच्या मधे जी बोटभर जागा उरते
तिच्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली.

लाइन कांद्याच्या चाळीमागून जाते,
मग द्राक्षबागेच्या तारेला लागून.
थंडीत पाइप किंचित कोमट असतो.
कुत्री त्याला पाठ लावून झोपतात.
बागेतल्या बाया पहाटे डबे ठेवतात वर,
आणि धात्रक लाकूड टेकवायच्या आधी
प्रत्येक डबा उचलून बाजूला ठेवायचे,
झाकण नीट बघून,
पुन्हा होता तिथेच.

पाइप खालून झिजतो.
वरून नवाच्या नवा, खाली पत्रा पापडाएवढा.
म्हणून काही वर्षांनी लाइन बंद करायची,
बोल्ट सोडायचे, आणि एकेक तुकडा
एकशे वीस अंश फिरवायचा.
झिजलेलं कुशीला येतं, कोरं तळाला जातं.
धात्रक पिवळ्या रंगानं आकडा टाकायचे :
एक. दोन. तीन.
चार कधी टाकला नाही.
चौथी बाजू नसते रे पाइपाला, म्हणायचे,
आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवायचे.

गेल्या मार्गशीर्षात त्यांची डावी बाजू गेली.
बिटको हॉस्पिटलात सिस्टर म्हणाली,
दर दोन तासांनी कूस बदला,
नाहीतर पाठ सोलून निघेल.
रात्री मी असायचो, दिवसा त्यांची लेक अलका.
पहिल्यांदा फिरवलं तेव्हा
त्यांनी अर्ध्या तोंडानं विचारलं,
कि... ती... अंश?
मी म्हटलं, नव्वदच, काका. पलंग अरुंद आहे.
उजवा ओठ हसला.
मग उजव्या हाताची बोटं उघडली,
एक, दोन,
आणि तिसरं उघडून तसंच धरून ठेवलं
बराच वेळ.

रामकुंडावर पाणी संथ होतं.
थोरल्यानं मडकं कलतं केलं.
पीठ वरून गेलं, न बोलता.
बारीक कण हातभर पुढे सरकले.
जड होतं ते तिथेच बसलं, पायरीच्या आत,
पांढरं, स्पष्ट दिसणारं.
वेग कमी आहे, मी म्हणालो.
अलकानं माझ्याकडे पाहिलं.
मग साडीचा काठ वर खोचून
ती गुडघाभर पाण्यात उतरली
आणि दोन्ही हातांनी पाणी ढकलू लागली,
पुढे, पुढे.
गुरुजी म्हणाले, अहो ताई, पुरे.

त्या रात्री सतराव्या तुकड्याला लाकूड लावलं.
वरच्या अंगाला पिवळा तीन होता,
पोपडे सुटलेला.
एक डबा होता, तो उचलून बाजूला ठेवला.
क्लिंकर जात होतं.
लॉगबुकात आवाजाला रकाना नाही.
दाब लिहिला, वेळ लिहिली,
डबा होता तिथे ठेवला.